मांडी घालता येते, असं कुणी लिहिलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बोगस दिव्यांग प्रमाणपत्रं शोधण्याच्या मोहिमेबद्दल आपल्या दैनिकात सतत काही ना काही येत असतं. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं, तेव्हापासून जिथे तिथे फेरतपासणीचं वारं आहे. फेरतपासणी व्हावीच. खोट्या कागदावर नोकरी लाटणारा माझ्यासारख्यांच्या वाटणीची जागा खातो. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ मध्ये त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड सांगितलेला आहे, तो लावा. पण या बातम्यांत एक बाजू येत नाही. खोटा माणूस खरा ठरतो, तसा खरा माणूसही तपासणीत खोटा ठरतो. तो कसा ठरतो, हे मी स्वतःच्या कागदांवरून सांगू शकते. पत्र लांबलं आहे. काटछाट करावी लागली तर माझी कहाणी कापा, तपासणीच्या तक्त्याबद्दलचा भाग तेवढा ठेवा.

माझा जन्म १९७५ चा. दीड वर्षाची असताना ताप आला, गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली आणि त्यानंतर उजवा पाय लुळा पडला. ‘सुईने पाय नेला’ असं आई अखेरपर्यंत म्हणायची. होता पोलिओच. पण पोलिओच्या तापात स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्या अवयवाचा लुळेपणा वाढू शकतो, असं पुढे एका डॉक्टरांनीच सांगितलं, म्हणजे आई अगदीच काहीतरी बोलत नव्हती. तोंडावाटे द्यायची लस सरकारी लसीकरणात आली १९७९ साली, पल्स पोलिओ आला १९९५ साली. माझ्या वयाची माणसं पाय ओढत चालताना दिसतात आणि माझ्या मुलाच्या वयाची दिसत नाहीत, ते यामुळे.

मी घरी ब्लाउज शिवते. पूर्वी पायमशीन डाव्या पायाने चालवायचे, आता मोटर बसवली आहे. उजव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर आहे, म्हणजे पायाला बांधायचा आधार, त्याला गुडघ्यापाशी लॉक. लॉक लावलं की पाय काठीसारखा ताठ राहतो आणि मी उभी राहू शकते. बसताना ते हाताने काढावं लागतं. कॅलिपर नसेल तेव्हा उजवा हात गुडघ्याच्या वर दाबून एकेक पाऊल टाकते. यजमान करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मुलगा बारावीनंतर आयटीआयला आहे. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मला बऱ्याच वर्षांपासून मिळत होतं. आधी ६०० रुपये, मग १,०००, २०२३ पासून १,५००. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५०० झाले, ते पेपरात वाचलं, कारण तोवर माझं बंद पडलं होतं.

बंद पडायचं कारण असं. माझं जुनं प्रमाणपत्र हाताने लिहिलेलं, फोटोवर अर्धा शिक्का मारलेलं, ६५ टक्क्यांचं. तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेने सांगितलं की आता सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरचं यूडीआयडी कार्डच, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, चालेल. अर्ज भरला. जुना कागद ऑनलाइन नाही म्हणून नव्याने तपासणीला बोलावलं. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी करणारं डॉक्टरांचं बोर्ड आठवड्यातून एकदाच बसतं, त्यामुळे गर्दी ही असते. माझा नंबर लागायला दुपार झाली.

तपासणारे डॉक्टर तरुण होते, बोलायला नीट होते. त्यांच्याबद्दल व्यक्तिशः माझी तक्रार नाही, त्यांच्या टेबलासमोर शंभर माणसं उभी होती. त्यांनी जुना कागद बघितला, मला खुर्चीवर बसवलं, सलवारीवरूनच कॅलिपरच्या पट्ट्याला हात लावला, “दुखतं का?” विचारलं. मग “चालत आलात ना?” मी म्हटलं, “हो, चालतच आले.” त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. कॅलिपर काढायला कुणी सांगितलं नाही. खुर्चीवरून मी उठले ती जायलाच.

काही आठवड्यांनी मोबाइलवर मेसेज आला. कार्ड तयार, ३४ टक्के.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्वाची रेघ ४० टक्क्यांवर आहे. त्या रेघेखाली ३४ आणि शून्य यांत काही फरक उरत नाही. निराधार योजनेचं अनुदान जातं. एसटीच्या भाड्यातली ७५ टक्के सवलत जाते. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण माझ्या वयाला कामाचं नव्हतं, पण तेही याच रेघेवर उभं आहे. तहसीलमधल्या बाई म्हणाल्या, “ताई, मी काय करू, सिस्टीम घेतच नाही.” सिस्टीमने घेतलं नाही हे खरं. पण १९७६ पासून लुळा असलेला पाय एकदम अर्धा बरा कसा झाला, हा प्रश्नही सिस्टीमने कुणाला विचारला नाही. पोलिओने मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. उलट पन्नाशीच्या आसपास, इतकी वर्षं जादा भार वाहिलेल्या उरल्यासुरल्या स्नायूंतही अशक्तपणा येऊ लागतो. डॉक्टर त्याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. म्हणजे माझा आकडा हलायचाच तर वर हलायला हवा होता.

मग सल्ले सुरू झाले. एकाने आमदारांचं पत्र आणायला सांगितलं. एकाने दवाखान्याच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे बोट दाखवलं, ‘तो करून देतो’. फेरतपासणीची मोहीम ज्यांच्यासाठी काढली ते लोक कुठे तयार होतात, ते मला त्या दिवशी कळलं. नात्यातल्या एका बाईंनी सुचवलं, अर्जात लिही की विधवा आहे, मूल शिकतंय, दया करा. मी तसा अर्ज लिहायलाही घेतला होता. आमच्या तालुक्यातल्या दिव्यांग संघटनेचे एक दादा आहेत, स्वतः कुबड्यांवर चालतात, त्यांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, “यात तुझ्या पायाबद्दल एक ओळ नाही. त्यांनी काय मोजलं ते आधी मागव. जे मोजलं नाही त्यावर भांडायचं.”

मागवायचं कसं? प्रमाणपत्रावर फक्त अंतिम आकडा असतो. तो कशातून आला याचा तक्ता दवाखान्यात राहतो. खिडकीवरचे लिपिक म्हणाले, “मावशी, ते आतलं असतं, पेशंटला देत नाहीत.” आता गंमत बघा. अर्ज नामंजूर केला तर कारणं लेखी कळवावी लागतात, दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांत त्यासाठी वेगळा नमुना आहे. पण मला ३४ टक्क्यांचं प्रमाणपत्र दिलेलं होतं, म्हणजे कागदोपत्री माझा अर्ज मंजूर झाला होता! नामंजूरच केलेलं नाही, तर कारण कसलं द्यायचं? चाळीसच्या खाली ढकललेल्या माणसाला नाकारल्याचा कागदही मिळत नाही, आणि नाकारलं जाणं मात्र पुरेपूर मिळतं.

शेवटी माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा अर्ज, ‘माझ्या दिव्यांगत्व तपासणीच्या तक्त्याची व डॉक्टरांच्या टिपणांची साक्षांकित प्रत मिळावी’. स्वतःच्या शरीराची माहिती स्वतःच मागितल्यावर ‘त्रयस्थाची खासगी माहिती’ हे कारण पुढे करता येत नाही. ओळखीच्या वकिलांनी आणखी एक सांगितलं, तेही इथे लिहून ठेवते: डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेत २००२ पासून असं आहे की रुग्णाने मागितल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात. खिडकीवर ‘आतलं असतं’ म्हणणाऱ्याला हे वाक्य लेखी दाखवावं.

तक्ता आला. आता मुख्य भाग.

पायाचं दिव्यांगत्व दोन बाजूंनी मोजतात. एक, पायाची हालचाल आणि ताकद. दुसरी, स्थिरता. स्थिरतेसाठी नऊ गोष्टी करून बघायच्या असतात आणि प्रत्येकीला दहा गुण, एकूण नव्वद. सपाट जागेवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघे टेकणं, वळणं. जे जमत नाही त्याचे गुण धरतात. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ ला राजपत्रात ही मार्गदर्शक तत्त्वं काढली, मार्च २०२४ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. त्यातलं इंग्रजी मुलाने वाचून दाखवलं. वाचताना मला वाटलं, हा तक्ता ज्याने केला त्याने आपल्याकडच्या माणसाचा दिवस बघितलेला आहे. उकिडवं, मांडी, गुडघे, जिना, यांतच आमचं सगळं अडतं.

माझ्या तक्त्यात नवांपैकी दोनच गोष्टींपुढे ‘जमत नाही’ होतं: उतारावर चालणं आणि अधू पायावर उभं राहणं. बाकी सात ठिकाणी ‘जमते’. मांडी घालून बसणं, जमते. उकिडवं बसणं, जमते.

संपादक महाशय, आयुष्यात मी पंगतीत पानावर बसलेली नाही. हळदीकुंकवाला बायका सतरंजीवर आणि मी भिंतीकडेच्या खुर्चीवर, नव्या बायकांना वाटतं ही कोण पाहुणी. आमच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाला हे पाटावर बसले आणि माझ्यासाठी सासऱ्यांनी बुटकं स्टूल आणलं, गुरुजी कुरकुरले तेव्हा सासरेच म्हणाले, “देवाला चालतं, तुम्ही पोथी वाचा.” उकिडव्याचं काय सांगू! घरकुलाबरोबर संडास मिळाला तो खाली बसायचा. वेल्डिंगवाल्याकडून मध्ये भोक असलेली लोखंडी खुर्ची करून घेतली आहे, ती त्यावर ठेवते. पाहुणे आले की खुर्ची उचलून बाहेर ठेवायची, ते गेले की परत आत. आणि सरकारी कागदावर माझ्या नावापुढे ‘उकिडवं बसणं, जमते’. हे कुणी, कधी, कुठे बघितलं? मी तर त्या खोलीत खुर्चीवरून हललेच नव्हते. नऊ खेळांच्या सामन्यात एकही खेळ न खेळवता निकाल लावला होता.

ताकदीचा भागही तसाच. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. पाच म्हणजे पुरती ताकद, शून्य म्हणजे काहीच नाही. चार म्हणजे डॉक्टरांनी हाताने दाबून धरलं तरी त्याविरुद्ध हालचाल करता येते. एक म्हणजे स्नायू नुसता थरथरतो, पाय जागचा हलत नाही. चारला २० टक्के तोटा धरतात, एकला ८०. माझ्या गुडघ्यापुढे चार लिहिलं होतं. ज्या गुडघ्याला लोखंडी लॉक आहे आणि ते लॉक काढलेलंच नाही, त्या गुडघ्याची ताकद कुणाला कशी कळेल? दाबून बघितली असेल तर ती कॅलिपरची बघितली, आणि ती खरंच चांगली आहे, कृत्रिम अवयव बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची आहे.

आणि लांबी. माझा उजवा पाय दोन इंच आखूड आहे, बुटाला म्हणून जाड तळ लावलेला आहे. पहिला अर्धा इंच हिशेबात घेत नाहीत, त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार टक्के. म्हणजे माझे बारा व्हायला हवेत. तक्त्यात तो रकाना कोरा. कोरा म्हणजे शून्य. माझ्या गळ्यात दिवसभर टेप असते, तिथे गेले तेव्हाही पर्समध्ये होती. मागितली असती तर दिली असती. कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप लावायची, दोन्ही पायांना, आणि वजाबाकी करायची. एवढंच काम.

अपील करणाऱ्याने एक हिशेब मात्र समजून घ्यावा. हे आकडे सरळ बेरजेने मिळवत नाहीत. मोठा आकडा घ्यायचा, नव्वदातून तो वजा करायचा, आलेल्या उत्तराला लहान आकड्याने गुणायचं, नव्वदने भागायचं आणि जे येईल ते मोठ्यात मिळवायचं. साठ आणि तीस यांचे नव्वद होत नाहीत, सत्तर होतात. मला आधी वाटलं होतं की इतक्या चुका आहेत म्हणजे आपले टक्के शंभरावर जातील. तसं काही नसतं. तरी हा हिशेब स्वतः करून अपिलाला जोडावा. त्यांचे आकडे, आपले आकडे, समोरासमोर.

शहरात एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी कॅलिपर काढायला लावला, टेबलावर आडवं केलं आणि एकेक स्नायू तपासून कागद भरला. गुडघा सरळ करणारा स्नायू, एक. घोटा वर उचलणारा, शून्य. कंबरेचे स्नायू, तीनच्या आसपास. दोन्ही पायांचा लांबी मोजायचा एक्स-रे काढायला सांगितला, दोन इंच त्यातही आले. तपासताना त्या सहज म्हणाल्या, “आताच्या मुलांनी पोलिओचा पाय कुठे बघितलाय?” ते मला पटलं. नैसर्गिक विषाणूने झालेला देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यानंतर डॉक्टर झालेल्यांना हा आजार पुस्तकातच भेटणार. पोलिओच्या पायात संवेदना शाबूत असते, हात लावला की कळतं, सांधे बहुतेक सुटे असतात, दुसऱ्याने वाकवला तर गुडघा पूर्ण वाकतो. वरवर बघणाऱ्याला पाय ठीकच वाटेल. आता आम्ही थोडेच उरलो आहोत, आणि जे आहोत ते या तपासण्यांत सापडतो आहोत.

अपील दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली करता येतं. प्रमाणपत्र देणाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. तो प्राधिकारी कोण आणि किती मुदतीत जायचं, हे मला मिळालेल्या कागदावर कुठेही छापलेलं नव्हतं. विजेच्या बिलामागे तक्रार निवारणाचा पत्ता असतो. माझ्या प्रमाणपत्रामागे कोरा कागद. हे शोधण्यातच माझे जितके हेलपाटे झाले तितके बाकी कशात झाले नाहीत. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पत्र पाठवलं, तेव्हा कुठे मार्ग सापडला.

अर्जात दयेचा शब्द घातला नाही. तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक, तिथे काय लिहिलंय, प्रत्यक्षात काय आहे आणि त्याला पुरावा काय, एवढंच. उकिडव्याच्या ओळीला त्या लोखंडी खुर्चीचा फोटो जोडला. मुलाला लाज वाटत होती, “आई, हे कशाला?” म्हटलं, डॉक्टरांच्या ‘जमते’ला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. जुनं ६५ टक्क्यांचं प्रमाणपत्र, कॅलिपर मिळाल्याच्या पावत्या, फिजिओथेरपिस्टचा कागद, एक्स-रे. आणि एक विनंती ठळक लिहिली: फेरतपासणी पहिल्याच डॉक्टरांकडे पाठवू नये. आमच्याकडे बऱ्याचदा तसंच होतं, अपील फिरून त्याच टेबलावर येतं आणि आपण आधी लिहिलेलं कोण खोडणार?

सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ ला ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या खटल्यात निकाल दिला, तोही संघटनेच्या दादांनी सुचवला म्हणून अर्जात घातला. तो खटला वैद्यकीय प्रवेशाचा होता. तिथे टक्केवारी चाळीसच्या वर गेली म्हणून मुलाला नाकारत होते, इथे मला खाली आली म्हणून. पण न्यायालयाने जे म्हटलं ते दोघांना लागू आहे असं मला वाटतं: नुसता आकडा पुरेसा नाही, माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो ते बोर्डाने बघावं आणि अपात्र ठरवताना कारणं लिहावीत.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवते, कारण आमच्या संघटनेतही यावर वाद होतात. नियम कडक असणं निराळं आणि मोजमाप चुकणं निराळं. आमच्या गल्लीतल्या गवंडीकाकांचा एक डोळा खडी उडून कायमचा गेला, दुसरा चांगला आहे. त्यांना ३० टक्के मिळाले. तक्त्याप्रमाणे एका डोळ्याला तीसच आहेत. त्यांनी अपील करून उपयोग नाही. परांचीवर एका डोळ्याने अंतर कळत नाही म्हणून त्यांचं काम सुटलं, हा अन्याय असेल, पण तो धोरणाचा आहे, त्यासाठी सरकारशीच भांडावं लागेल. माझ्या मामेभावाचं प्रकरण मात्र माझ्यासारखं. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. मानसिक आजारासाठी आयडियाज नावाचा तक्ता आहे: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद, काम आणि आजार किती वर्षांचा, असे गुण. सांभाळणाऱ्या घरच्यांना विचारून तो भरायचा असतो. मामीला दाराबाहेर बसवलं, त्याला एकट्याला आत घेतलं. गोळ्या चालू होत्या, दिवस बरा होता, त्याने नाव, गाव, वार, सगळं नीट सांगितलं. आंघोळीला त्याला रोज मामी ढकलून पाठवते, हे त्याला कोण विचारणार आणि तो कशाला सांगणार? तो चाळीसच्या खाली. मामीने अपील केलेलं नाही. ती म्हणते, मुलगा वेडा आहे हे परत परत सिद्ध करायला मला जमणार नाही. तिला काय सांगावं, मला सुचलेलं नाही.

माझी फेरतपासणी झाली. तीन डॉक्टर होते, त्यांतले एक अस्थिरोगतज्ज्ञ, वयस्कर. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते, “कॅलिपर काढा.” मग जमिनीवर सतरंजी टाकायला लावली आणि म्हणाले, “बसा मांडी घालून.” मी म्हटलं, “साहेब, बसवा तुम्ही, मग उठवायलाही तुम्हालाच लागेल.” ते हसले नाहीत, पण त्यांनी लिहिलं. टेप लावली. जिन्याच्या चार पायऱ्या चढायला लावल्या, मी कठडा आणि मांडी धरून कशी चढते ते बघितलं. सगळं मिळून वीस मिनिटंही लागली नसतील. ६८ टक्के आले. त्यात माझं नशीब नव्हतं आणि कुणाची मेहेरबानीही नव्हती, त्यांनी मोजलं इतकंच.

म्हणून फेरतपासणीची मोहीम चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की प्रमाणपत्रासोबत तपासणीचा तक्ताही द्या. एक पान जास्त छापावं लागेल. ज्याने खोटं प्रमाणपत्र मिळवलं त्याच्या तक्त्यातही हीच लबाडी उलट्या बाजूने असणार: चालणाऱ्या माणसापुढे ‘जमत नाही’. तक्ता उघडा असेल तर दोन्ही पकडता येतील. कुठल्या डॉक्टरांनी, कुठली चाचणी, प्रत्यक्ष करून घेतली की नाही, एवढं तरी त्यावर असावं. आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अपील कुठे करायचं तो पत्ता छापावा. जुन्या आणि नव्या टक्केवारीत मोठी तफावत आली की संगणकाने कार्ड काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवावं. पोलिओ, कापलेला पाय, जन्मतः आंधळेपण हे आजार सुधारत नसतात, त्यासाठी तर हे व्हायलाच हवं. डॉक्टरांची संख्या वाढवा हेही म्हणायला हवं. एका दुपारी शंभर माणसं उरकायची असतील तर कुणाच्याही हातून ‘जमते, जमते, जमते’ असंच लिहिलं जाईल.

माझं एक काम अजून राहिलं आहे. अनुदान पुन्हा सुरू झालं, पण नव्या मंजुरीच्या तारखेपासून. मधल्या बंद महिन्यांचे पैसे मागितले तर तहसील कार्यालय म्हणतं, त्या काळात तुमच्या नावावर ३४ टक्क्यांचं कार्ड होतं, म्हणजे तुम्ही पात्रच नव्हता. दवाखाना म्हणतो, पैशाचा विषय आमच्याकडे नाही. त्या महिन्यांत माझा पाय ६८ टक्के अधू होता हे दुसऱ्या बोर्डाने लिहून दिलेलं आहे. राज्यात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. चुकीच्या तपासणीमुळे बंद पडलेल्या अनुदानाची थकबाकी कुणी द्यायची आणि अर्ज कोणत्या खिडकीवर करायचा, एवढं त्या विभागाने सांगावं. आपल्या दैनिकातून सांगितलं तरी चालेल, माझ्यासारखे आणखी बरेच जण वाचतील.

आपली नियमित वाचक,
(नाव व पत्ता संपादकांकडे)